उजवा हातमोजा

सोलांज देव्हरू गेली.
भाची मोबाईलवर दुसरंच काही दाखवत होती, त्यात दिसलं.
वय एक्क्याण्णव. चार ओळी.
सोबत चोविसाव्या वर्षीचा फोटो: काउंटरमागे उभी,
गालात हसू दाबलेलं, पेढा लपवल्यासारखं.

आमच्या फळ्यावर ती ‘सोळांज’ होती.
मन्मथ हलकुडेने खडूने लिहिलेली, ळ चांगला ठसठशीत.
खाली: प्रेमाचा विनोदी चित्रपट, भाषा फ्रेंच,
सभासदांनी येताना चटई आणावी.

उदगीर, त्र्याऐंशीचा मे.
स्टेशनातून चार डबे सायकलला बांधून त्यानेच आणले.
दूध पावडरच्या कारखान्यात तो फॅट मोजायचा,
फ्रेंच त्याला टपालाने येई, नवव्या धड्यापर्यंत आलेली.
पडद्याशेजारी स्टुलावर बसून तो बोलला,
एकदा बाई होऊन, एकदा बाप्या:

“कामून आलाव परत?”
“बाई, दोन्ही डावेच बांधलाव की तुम्ही.”
“उजवा संपलाय. गुरुवारी या.”

आणि ती उजवे मोजे पायाने खणात सरकवते,
गिऱ्हाइकाने पुन्हा यावं म्हणून.
तिकडे बर्फ. इकडे पाठीला चटई चिकटलेली,
साठ पुरुष, पाच बाया, हसून हसून पाणी डोळ्यांना.
हातमोजे कुणी पाहिले होते?
डेअरीतले रबरी, तेवढेच.

चौथा डबा लावला आणि लाईट गेली.
“अप्पा, पुढं काय?”
डब्यासोबत छापील कागद आला होता, शेवटापर्यंत गोष्ट लिहिलेला,
तो फक्त त्याने वाचला होता.
अंधारात तो जरा थांबला.
“काय व्हायचंय. तिनं उजवा दिला, तो घरी गेला.”
हात्तिच्या, म्हणत लोकांनी चटया झटकल्या.
मीही झटकली.

सोमवारी तो टेलिफोन ऑफिसच्या खिडकीत.
माझी ड्यूटी. ट्रंक कॉल, हैदराबाद.
पलीकडे एक बेकरीवाला:
“कित्ते बार बोलूं, याँ कोई हलकुडे नै!”
मंगळवारी पुन्हा तोच नंबर. बुधवारी पुन्हा.
अकराव्या दिवशी मी ओरडले,
अहो, नंबर नीट विचारून या.
बरं म्हणाला.
पुढे भूमच्या शीतकरण केंद्रात त्याची बदली झाली, कुणी तरी सांगितलं.

सोळांजचं पुढे काय झालं ते आता वाचते.
त्या सिनेमानंतर सहा वर्षं तिला काउंटरमागेच उभं केलं,
फुलं विकायला, पाव विकायला, बोटीची तिकिटं.
मग बहीण. मग आई.
एकदा न्यायाधीश, दोन मिनिटं.
शेवटी नुसता आवाज, कार्टूनमधल्या घुबडाचा.
माझं उलटं. मी आधी नुसता आवाज होते,
“नंबर प्लीज” एवढाच,
मग एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं आणि उरली हजेरीवहीवरची सही.

काल भाचीने तो सिनेमा शोधून लावून दिला.
खाली अक्षरं पळत होती.
मन्मथचं निम्मं चुकलेलं. गुरुवार नव्हताच कुठे.
तरी मला त्याचंच ऐकू येत राहिलं.

मग चौथा डबा.
स्टेशन. ती धापा टाकत येते, उजवा मोजा पुढे करते.
तो खिशातून काढतो,
उजवा.
तिने पहिल्या दिवशी जोडी बरोबरच बांधली होती,
दुसरा डावा त्याने घरून आणलेला.

ती आधी चिडते. एक भुवई वर.
मग ते हसू सुटतं, इतका वेळ दाबलेलं,
आणि कॅमेरा हलत नाही, कुणी काही बोलत नाही.
भाषांतर करायला तिथे काही नव्हतंच.

“थांबव,” मी म्हणाले.
“मावशी, संपलाय.”

तो नंबर अजून पाठ आहे मला, चार दोन सात शून्य एक.
बेकरीवाला म्हातारा झाला असेल,
नाहीतर मुलगा उचलेल त्याचा.